हॅस्केटचा निळा झेंडा

शुक्रवारची सकाळ माणसाने लोळत काढायची असते. उल्का मात्र ऑगस्टच्या त्या चिकट उन्हात बहारीनमधल्या मुहर्रकच्या बाजारात रिकामे खोके शोधत फिरत होती. एरवी दुकानांबाहेर पुठ्ठ्याच्या खोक्यांचे ढीग असतात, चालताना पायात येतात. आज हवे होते तर एकही नाही. एका दुकानदाराने "इंशाल्ला, कल आओ" म्हणून सांगितलं आणि तिचं डोकंच फिरलं. उद्याचं आश्वासन तिला घरातून रोज मिळत होतं, त्यासाठी मुहर्रकपर्यंत यायची गरज नव्हती.

शेवटी एका भांड्यांच्या दुकानातून कोंदट वासाचे थोडे खोके आणि चिकटपट्टी पदरात पाडून ती बुसैतीनला घरी परतली. रविवारी सासू-सासरे ठाण्याहून येणार होते. सासऱ्यांच्या गुडघ्यांना जिना झेपत नव्हता. खालच्या मजल्यावर बाथरूमला लागून एकच खोली होती, आणि त्या खोलीत पलंग सोडा, चटई टाकायला जागा नव्हती, कारण तिथे रेल्वे होती.

उल्का तिला खेळण्यातली रेल्वे म्हणायची. तिचा नवरा गौरव दुखावलेल्या आवाजात "मॉडेल" म्हणायचा. कमरेएवढ्या उंचीचं, भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेलं टेबल, त्यावर एक अख्खं अमेरिकन शहर, शहराभोवती रुळांचा वेढा, त्यावर खिडकीपाशी उभी बोटाएवढ्या मालडब्यांची रांग, आणि टेबलाच्या कडेवरून जमिनीपर्यंत सोडलेला काळा पडदा.

हे घर भाड्याने घेतलं तेव्हा टेबल आधीपासूनच होतं. आधीचा भाडेकरू हॅस्केट नावाचा म्हातारा अमेरिकन. तरुणपणी तिकडच्या वेव्हरली नावाच्या शहरात तो मालगाडीचे डबे दुरुस्त करायचा. मग कुठल्याशा कंत्राटावर बहारीनला आला आणि इथलाच होऊन राहिला. एका दुपारी याच खोलीत कोसळला, त्याला सलमानियाच्या हॉस्पिटलात नेलं आणि तिथे तो वारला. सामान मागायला कुणी आलं नाही. घरमालकाने बाकीचं सगळं हलवलं, पण टेबल दारातून निघेना. "इसका क्या करना है, आप देखो," असं तो म्हणाला तेव्हा उल्काला ती मोकळीक वाटली होती. ते लोढणं आहे हे नंतर कळलं.

कारण गौरव त्या टेबलाला चिकटला तो चिकटलाच. एरवी हा माणूस चारचौघांसारखा. बँकेत क्लिअरिंगमध्ये नोकरी, सुट्टीला क्रिकेट, नळ गळायला लागला की "बघतो" म्हणून तीन महिने न बघणं. टेबल मिळाल्यावर तो वेव्हरली बेल्ट अँड टर्मिनल रेल्वे कंपनीचा इतिहास वाचायला लागला. आणि वाचून गप्प बसला असता तर प्रश्न नव्हता.

"तुला माहितीये का," असं त्याने म्हटलं की उल्का पोळीच्या निमित्ताने ओट्याकडे पळायची. तरी कानावर पडायचंच. म्हणे त्या शहरात चारी दिशांनी बड्या बड्या रेल्वे कंपन्या आल्या, पण प्रत्येकीचं स्टेशन वेगळं, रूळ वेगळे. एकीच्या गाडीने आलेला गव्हाचा डबा दुसरीच्या गाडीने पुढे न्यायचा तर शहर ओलांडणार कसं? घोडागाड्यांनी माल वाहता वाहता सगळ्यांच्या नाकी नऊ आले. मग सगळ्या कंपन्यांनी मिळून एक छोटी कंपनी काढली. शहराभोवती पट्ट्यासारखी फिरणारी. स्वतःची ती कुठेच जायची नाही. याचा डबा घ्यायचा, त्याच्या हवाली करायचा.

"आणि ठेवायला जागा नाही, उल्का. म्हणून नियम असा, की एक आत घेतला की एक बाहेर गेलाच पाहिजे. आमचं क्लिअरिंग एक्झॅक्टली तसंच आहे."

"गौरव, गॅस सिलिंडर संपत आलाय. त्याचा पण असाच नियम आहे. एक बाहेर गेला की एक आत यायला लागतो."

"सांगतो ना उद्या."

हे असं होतं. त्याला त्या कंपनीच्या पोलाद कारखान्यांची भरभराट माहीत होती, मंदी माहीत होती, मोठ्या कंपन्या एकमेकींत विलीन झाल्यावर मधल्या या बिचारीला कामच कसं उरलं नाही आणि शेवटी तिच्या यार्डात गोदामं कशी उभी राहिली, हेही माहीत होतं. आईवडिलांच्या विमानाची वेळ मात्र त्याला उल्काला विचारायला लागायची.

एक गोष्ट मात्र तिने कान देऊन ऐकली होती, कारण ती तिच्या धंद्यातली होती. टेबलाच्या कोपऱ्यात छोटं यार्ड होतं. तिथे एका आडमार्गावर एकच तपकिरी डबा उभा होता, आणि त्याच्यापुढे रुळांत पत्र्याचा नखाएवढा निळा झेंडा रोवलेला होता.

"डब्याखाली माणूस काम करत असला की हा लावतात," गौरव म्हणाला होता. "हा आहे तोवर त्या रुळावर काही म्हणजे काही हलवायचं नाही. आणि ज्याने लावला त्यानेच काढायचा. त्याचा साहेब असला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही."

"आमच्याकडे कुलूप असतं," उल्का म्हणाली होती.

ती ॲल्युमिनियमच्या कारखान्यात सेफ्टी इंजिनिअर होती. यंत्रात हात घालायच्या आधी त्याची वीज तोडायची, बटणाला आपलं लाल कुलूप लावायचं, त्यावर स्वतःच्या फोटोचा टॅग अडकवायचा, किल्ली आपल्या खिशात. नव्या कामगारांना ती हे इतक्यांदा शिकवायची की झोपेतही म्हणून दाखवेल. कुणी कुलूप विसरून घरी गेला, तर ते तोडायच्या आधी तो खरंच गेटबाहेर गेलाय याची खात्री करायची. गेला असेल, असं म्हणायचं नाही. त्याला शोधायचं, फोन करायचा, त्याचा आवाज ऐकायचा. एवढं सगळं जिला पाठ, तिनेच पुढे जे केलं ते केलं, आणि त्याला कारण तिचा वैताग.

खोके घेऊन ती घरात शिरली तेव्हा गौरवने एकही बोल्ट काढलेला नव्हता. हातात पाना घेऊन तो यार्डाकडे बघत उभा होता. खिडकीच्या काचा बाहेरून घामेजल्या होत्या. एसी चालू असून खोलीत गरम तेलाचा वास होता.

"उल्का, मी काय म्हणतो, नुसतं यार्ड तरी ठेवू या का?"

"गौरव, तुझे बाबा त्या यार्डात झोपणार आहेत का?"

दाराशी घराची देखभाल करणारा इक्बाल स्टुलावर पेचकस आणि पक्कड ठेवत होता. वयस्क, मितभाषी माणूस, पेशावरकडचा. तो जाता जाता थबकला.

"मॅडम, वो नीला झंडा… बुढ़ा साहब सुबह लगाता था, शाम को ख़ुद निकालता था। उस दिन निकाल नहीं पाया। एम्ब्युलन्स आ गई।"

"तो?"

"तो कुछ नहीं।" इक्बालने चपला घातल्या. "मैं नहीं निकालूँगा।"

तो नमाजाला निघून गेला. उल्काने कपाळावर हात मारला. सगळी दुनिया त्या पत्र्याच्या तुकड्याची बाजू घेऊन तिच्या विरुद्ध उभी राहिली होती.

तिने सवयीने आधी वीज तोडली. जिन्याखालच्या बोर्डावर या खोलीचं बटण खाली केलं, आपल्या कामाच्या पिशवीतलं एक लाल कुलूप त्याला घातलं. एसी थांबला आणि खोली एकदम बहिरी झाली. दूर मशिदीतून प्रवचनाचा आवाज येत होता, तोही थोड्या वेळाने थांबला. गौरव चष्मा सावरत, मोठा उसासा टाकून, पडदा उचलून टेबलाखाली सरकला. त्याचे पाय आधी दिसत होते, मग तेही आत गेले.

"कोपऱ्यापासून सुरू कर," ती म्हणाली.

"तिथेच आहे. बरोब्बर यार्डाखाली. बाप रे, खाली गार आहे ग."

उल्का वरून झाडं, घरं, दिव्याचे खांब उपटून खोक्यात टाकायला लागली. गौरव खालून बोलतच होता. वेव्हरलीत कोळशाचा धूर कसा असायचा, हॅस्केटने एकेक रूळ हाताने कसा बसवला. बोल्ट एकही निघाल्याचा आवाज येत नव्हता. मग तो म्हणाला, "आणि तो झेंडा राहू दे हं. तेवढा मी काढीन, व्यवस्थित. तसा तो माझाही नाही, पण…"

तेव्हा तिचा संयम सुटला. मेलेल्या माणसाचा झेंडा. तो माणूस गेला, त्याची कंपनी गेली, ते यार्ड गेलं. तिने चिमटीत धरून झेंडा उपटला आणि खोक्यात भिरकावला.

"खलास. काढला. आता बोल्ट काढ."

खाली पाना फरशीवर आपटला.

मग खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी, टक असा आवाज झाला. मग त्याच्यापुढे टक. मग टक, टक, टक असा तो आवाज उभ्या असलेल्या सगळ्या डब्यांतून एकामागून एक पुढे सरकत गेला, उभ्या गाडीला हिसका बसल्यावर जातो तसा. इंजिन नव्हतं. वीज नव्हती. विजेच्या कुलपाची किल्ली उल्काच्या खिशात होती. तरी ती डब्यांची रांग शहराभोवतीच्या वेढ्यावरून हळूहळू चालायला लागली.

"गौरव… तू काही हलवतोयस का?"

"नाही." त्याचा आवाज दबका होता. "उल्का, तू खाली का आलीस?"

"मी वर आहे."

"मग हा पाय कुणाचा आहे?"

डबे खिडकी ओलांडून भिंतीच्या कडेने वळले. ते एवढेसे होते, बोटाएवढे, पण त्यांच्या चालण्याने टेबल थरथरत होतं, फरशी थरथरत होती, आणि गरम तेलाच्या वासात आता धूर मिसळला होता.

"गौरव, बाहेर ये. आत्ता."

"येतोय ना… सरकताच येत नाहीये. इथे कुणीतरी आडवं झालंय, उल्का. उताणं. काम करतंय…" तो थांबला. "तो विचारतोय, झेंडा कुणी काढला."

तेव्हा तिला कळलं. माणूस गेला असं सगळे म्हणाले, म्हणून तीही म्हणाली. गेटबाहेर गेलाय का, हे कुणी बघितलंच नव्हतं.

ती खोक्यावर झडपली. झाडं, घरं, खांब, सगळं उलटं केलं. झेंडा सापडला, पण बोटांत धरल्यावर लक्षात आलं की त्याचा उपयोग नाही. तो तिचा नव्हता. डबे यार्डाच्या वळणावर आले होते. आडमार्गाला लागणारे रूळ फिरवण्यासाठी टेबलाच्या कडेला एक पितळी खटका होता, आणि त्याच्या बुडाशी एक भोक होतं. तिने खटका सगळ्या ताकदीने उलटा ओढला, पिशवीतलं दुसरं लाल कुलूप त्या भोकातून घातलं आणि दाबलं. तिच्या फोटोचा टॅग खाली लोंबायला लागला.

"माझा माणूस आहे खाली," ती मोठ्याने म्हणाली. कुणाला म्हणाली हे तिलाही ठाऊक नव्हतं. "माझा माणूस आहे."

पहिला डबा सांध्यापाशी येऊन थांबला. मागचे एकेक त्याला येऊन टेकले. मग काहीच हललं नाही.

पडदा हलला, तो पलीकडच्या बाजूचा. गौरव तिकडून बाहेर आला, उभा राहिला आणि हात झटकले.

"काय झालं होतं?" उल्काने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "चल, जेवू या."

रागवावं की रडावं हे तिला कळेना. तिने त्याला घट्ट मिठी मारली. तो मिठीत उभा राहिला.

त्या संध्याकाळी गौरवने सिलिंडर मागवला. गळका नळ दुरुस्त केला. न सांगता लसूण सोलला, इतक्या निगुतीने की उल्का बघतच राहिली. जेवताना बेल्टचा ब नाही, टर्मिनलचा ट नाही. ती जे बोलेल त्याला तो "बरं" म्हणायचा. एवढं घाबरल्यावर माणूस सुधारतो, असं तिने स्वतःला समजावलं. लग्न झाल्यापासून जसा नवरा हवा होता तसा समोर बसला होता आणि ती मात्र ताटातलं अन्न नुसतं चिवडत होती. न राहवून तिनेच विचारलं, "त्या कंपनीचं ते विलीन का काय झालं, ते कधी रे?"

"कुठल्या कंपनीचं?" तो म्हणाला.

शनिवारी दुपारी इक्बाल पिकअप घेऊन आला, सोबत सुतार. टेबल कापून न्यायचं होतं, म्हणजे खटक्यावरचं कुलूप काढायला हवं होतं. उल्का किल्ली घेऊन खोलीत गेली. गौरव मागोमाग येऊन दाराशी उभा राहिला. कारखान्यात कुलूप काढण्याआधी एक पद्धत असते. त्या कुलपाच्या भरवशावर जेवढी माणसं आत होती त्यांची नावं घ्यायची आणि प्रत्येकाने बाहेरून ओ द्यायची. इथे तर एकच नाव होतं. त्याचा मालक तिच्या पाठीशी उभा होता. तरी तिच्या तोंडून सवयीने गेलंच.

"गौरव?"

"अजून खालीच आहे ग," टेबलाखालून गौरवचा आवाज आला. "कुलूप काढू नकोस."

तिने मागे वळून पाहिलं नाही. तिला ते जमलंच नाही. गुडघ्यावर बसून तिने पडदा उचलला. खाली वायरी होत्या, लाकडाच्या पट्ट्या होत्या, पाना होता, आणि गौरवचा चष्मा होता. चष्म्याशिवाय गौरवला समोरचं ताट दिसत नसे. कालपासून तो चष्म्याशिवाय वावरत होता आणि हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. नळ दुरुस्त झाला म्हणून ती खूश होती.

"काढायचं ना कुलूप?" दाराशी उभ्या असलेल्याने अगदी मऊपणे विचारलं. "दे, मी काढतो."

"ज्याचं त्याने काढायचं असतं," उल्का कशीबशी म्हणाली आणि किल्ली मुठीत आवळून बाहेर आली. इक्बालला तिने परत पाठवलं. त्याने कारण विचारलं नाही. पिकअपमध्ये बसताना त्याने दाराकडे एकदाच पाहिलं आणि सुताराला "यल्ला, चलो" म्हणाला.

सासू-सासरे आले. हॉलमध्ये गाद्या घातल्या. लेक किती बदलला, हातासरशी सगळं करतो, म्हणून सासूबाईंना कोण कौतुक. सासरे मात्र त्याच्याशी बोलता बोलता मध्येच उगाच टीव्हीचा आवाज वाढवतात. तो रोज एकदा, हसून, उल्काकडे किल्ली मागतो. ती किल्ली गळ्यात घालून झोपते.

आणि दुपारी सगळे आडवे झाले की ती त्या खोलीत जाते, दार लावून घेते, पडद्याला टेकून जमिनीवर बसते. "सांग," ती म्हणते. मग खालून गौरव बोलतो. बेल्टची पहिली लाकडी कचेरी, पुरात वाहून गेलेला पूल, संपाच्या वर्षी गंजून गेलेले रूळ. पूर्वी ज्या गोष्टींनी तिचा जीव जायचा, त्याच आता ती एक शब्द न चुकवता ऐकते, कारण बोलायचा थांबला की तो आहे की नाही हे कळत नाही. मध्येच ती त्याच्यावर चिडतेसुद्धा. एवढं सगळं माहीत आहे तर बाहेर कसं यायचं ते कसं माहीत नाही रे तुला, म्हणून ओरडते आणि मग पडद्यात तोंड खुपसून रडते.

परवा तिने धीर करून विचारलं. इतके दिवस जे मनाशी पक्कं धरलं होतं, तेच.

"गौरव, बाहेर जो आलाय… तो हॅस्केटच आहे ना?"

खाली कुणाशी तरी हळू आवाजात त्याचं बोलणं झालं. इंग्रजीत. एक आवाज गौरवचा, दुसरा म्हाताऱ्या माणसाचा.

"हॅस्केट इथे आहे, माझ्याशेजारी," गौरव म्हणाला. "मी त्याला विचारलं. तो म्हणतो, त्या दिवशी आमच्या अंगावरून काहीतरी सरपटत बाहेर गेलं, पण ते कोण होतं ते त्यालाही माहीत नाही. तो म्हणतो…"

"काय म्हणतो?"

"म्हणतो, त्याला आईबाबांजवळ झोपू देऊ नकोस."